मीटर न बघता आलेलं सरासरी वीजबिल: महाराष्ट्रात ते दुरुस्त कसं करून घ्यायचं

वीज कार्यालयाच्या खिडकीपाशी सर्वाधिक ऐकू येणारं वाक्य म्हणजे "साहेब, बिल जास्त आलंय." त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "उन्हाळा आहे, वापर वाढला असेल." मग माणूस परत फिरतो. जास्त-कमी हा मताचा प्रश्न झाला, त्यावर कोणीच काही सिद्ध करू शकत नाही. सरासरी बिलाची तक्रार दोन आकड्यांवर आणि दोन तारखांवर उभी करायची असते: मीटर खरोखर वाचलं गेलं त्या शेवटच्या दिवशीचं रीडिंग आणि आजचं रीडिंग. या दोहोंमधला फरक हाच तुमचा वापर. बाकीचं सगळं त्यातून निघतं.

हा लेख घरगुती लघुदाब जोडणीसाठी आहे. कार्यालयांची आणि कागदांची नावं महावितरणची आहेत. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरचे ग्राहक असाल तर बिलाचा नमुना आणि खिडकी वेगळी असेल, पण नियम तेच, कारण सगळ्यांवर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगच आहे.

१. बिल सरासरीचं आहे की रीडिंग चुकलंय, हे आधी ठरवा

बिलावर मागील रीडिंग, चालू रीडिंग, गुणक अवयव (रीडिंगमधला फरक ज्याने गुणून युनिट काढतात तो आकडा) आणि युनिट असे रकाने असतात. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करा. घरगुती मीटरला गुणक अवयव बहुतेक वेळा १ असतो, त्यामुळे वजाबाकी आणि युनिट सारखे यायला हवेत. वजाबाकी शून्य येते पण युनिटच्या रकान्यात ८० किंवा १२० छापलंय, तर ते सरासरी बिल आहे. बऱ्याचदा चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी एखादा शेराच असतो:

- लॉक्ड, इनअ‍ॅक्सेस: घर बंद होतं किंवा मीटरपर्यंत पोचता आलं नाही.
- आरएनए, आरएनटी: रीडिंग मिळालं नाही किंवा घेतलंच नाही.
- फॉल्टी: मीटर नादुरुस्त दाखवलंय.

हा शेरा नीट टिपून ठेवा, पुढची वाट त्यावरून ठरते. पहिल्या दोन प्रकारांत मीटर चांगलं आहे, फक्त वाचलं गेलेलं नाही. तिसऱ्यात मीटरवरच संशय घेतलाय आणि तिथे हिशेबाचा नियम वेगळा लागतो (मुद्दा ४).

वजाबाकी आणि युनिट जुळतात, पण चालू रीडिंग आज मीटरवर दिसणाऱ्या आकड्यापेक्षाही मोठं आहे? मग सरासरीचा प्रश्नच नाही. रीडिंग चुकीचं टिपलंय किंवा दुसऱ्याच मीटरचं आलंय. बिलावरचा मीटरचा फोटो बघा आणि त्यातला मीटर क्रमांक तुमच्या मीटरशी ताडून पाहा. फोटोत अंधार, भिंत किंवा शेजाऱ्याचं मीटर असेल तर तो फोटो तुमचा पुरावा आहे, तो जपून ठेवा.

सोसायटीत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधीच तपासावी. मीटरच्या खोलीत एकाला उभं करा आणि घरातला मेन स्विच बंद करा. तुमचा क्रमांक लिहिलेल्या मीटरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबला पाहिजे. तो चालूच राहिला आणि शेजारच्या मीटरचा थांबला, तर दोन घरांच्या वायरींची अदलाबदल झालेली आहे. हे वाटतं त्याहून जास्त वेळा घडतं, विशेषतः मीटर पॅनल बदलल्यावर. अशा वेळी सरासरीवर कितीही भांडलात तरी पुढची बिलं चुकीचीच येत राहतील.

२. मीटर वाचा आणि फोटो काढा

इलेक्ट्रॉनिक मीटरचा पडदा आपोआप बदलत राहतो: तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी आणि मधेच एकूण युनिट. तुम्हाला हवाय तो केडब्ल्यूएच (kWh, म्हणजेच युनिट) हे चिन्ह असलेला एकूण आकडा. केव्हीए (kVA) किंवा एमडी (MD, कमाल मागणी) लिहिलेला आकडा रीडिंग म्हणून देऊ नका. दशांश चिन्हानंतरचे अंक सोडून द्या.

फोटो असा काढा की एकाच चित्रात आकडा, एकक आणि मीटर क्रमांक हे तिन्ही दिसतील. एकात मावत नसेल तर छोटा व्हिडिओ घ्या: मीटर क्रमांकापासून सुरुवात, मग पडद्याचं पूर्ण चक्र. पडद्यावर मीटरची स्वतःची तारीखही येऊन जाते, ती व्हिडिओत आली की फोटो कधीचा हा वाद संपतो.

असं रीडिंग आठवडाभराच्या अंतराने दोनदा घ्या. दोन्हींमधला फरक भागिले दिवस म्हणजे तुमचा आजचा रोजचा वापर. सरासरी बिलात धरलेला रोजचा वापर याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर अर्जात एक ओळ लिहायला हा आकडा उपयोगी पडतो. मात्र ऋतू बदलला की वापर बदलतो, म्हणून त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

३. हिशेब मांडा

लोक हीच पायरी गाळतात आणि तिथेच हरतात. एक उदाहरण घेऊ.

६ फेब्रुवारीला प्रत्यक्ष घेतलेलं रीडिंग ४८२०. मार्च, एप्रिल आणि मेच्या बिलांत प्रत्येकी ६० युनिट सरासरी, एकूण १८०. ६ जूनला मीटर वाचलं, आकडा निघाला ५३८०. म्हणजे १२० दिवसांत खरा वापर ५६० युनिट, महिन्याला १४०.

आता जूनचं बिल तीन प्रकारे येऊ शकतं.

पहिला प्रकार: ५६० युनिट एकाच महिन्याचे धरले. आधी भरलेले १८० युनिटचे पैसे वजा झाले तर निदान दोनदा भरणं टळलं, नाही झाले तर तेवढ्यांचे दोनदा भरले.

दुसरा प्रकार: ५६० मधून १८० वजा करून उरलेले ३८० युनिट जूनच्या माथी मारले. वरवर न्याय्य दिसतं, पण नाही.

तिसरा प्रकार, जो बरोबर आहे: ५६० युनिट चार महिन्यांत समान वाटायचे, प्रत्येक महिन्याच्या १४० युनिटना दराचे टप्पे लावायचे आणि आधी भरलेली रक्कम वजा करायची. वजा करायची ती रक्कम, युनिट नव्हे.

फरक का पडतो? घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. टप्पा महिन्याला मोजतात. त्यामुळे तेच ५६० युनिट असे विभागले जातात:

- एकाच महिन्यात धरले तर: पहिल्या टप्प्यात १००, दुसऱ्यात २००, तिसऱ्यात २००, चौथ्यात ६०.
- ६० च्या तीन बिलांनंतर ३८० एकदम धरले तर: पहिल्या टप्प्यात २८० (६०, ६०, ६० आणि जूनचे १००), दुसऱ्यात २००, तिसऱ्यात ८०.
- चार महिन्यांत १४० प्रमाणे वाटले तर: पहिल्या टप्प्यात ४००, दुसऱ्यात १६०, तिसऱ्यात आणि चौथ्यात काहीच नाही.

म्हणजे कमी सरासरीचं बिल हे वरदान नसून उधारी असते, आणि वाटणी झाली नाही तर महागडी उधारी. युनिट महिन्यांत वाटून खालच्या टप्प्यांचे दर मिळण्याला बोलीभाषेत स्लॅबचा फायदा म्हणतात. अर्जात तोच शब्द वापरा, सगळ्यांना कळतो.

२०२० च्या टाळेबंदीत नेमकं हेच राज्यभर झालं. मार्चअखेरीपासून रीडिंग थांबलं, आधीच्या हिवाळ्यातल्या महिन्यांच्या सरासरीने बिलं गेली आणि जूनमध्ये मीटर वाचल्यावर अख्ख्या उन्हाळ्याचा साचलेला वापर एकाच बिलात आला. रक्कम बघून लोक हादरले. त्या वेळी ज्यांनी बिलातली महिन्यांची वाटणी तपासली, त्यांनाच आपलं बिल मोठं आहे की चुकीचं आहे हे सांगता आलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मोठं बिल बरोबर असेल तर कमी होत नाही, पण हप्ते मागता येतात.

उलट बाजूही असते. घर चार महिने बंद होतं आणि सरासरी २१० ची लागत गेली. इथे खरं रीडिंग आल्यावर जादा रक्कम तुमच्या खात्यात जमा दिसायला हवी, कधीकधी बिल ऋण येतं. स्थिर आकार मात्र घर बंद असलं तरी लागतो, तो परत मागू नका.

हिशेबाचा कागद एका पानाचा, तक्त्यासारखा करा: महिना, बिलातलं मागील रीडिंग, चालू रीडिंग, शेरा, आकारलेले युनिट, भरलेली रक्कम, भरल्याची तारीख. खाली खरा वापर आणि वाटणी. हा कागद नीट झाला तर समोरच्या कर्मचाऱ्याचंही अर्धं काम होतं, आणि मान्य करा, त्यालाही तेच हवं असतं.

४. शेरा 'फॉल्टी' असेल किंवा मीटर वेगात धावत असल्याची शंका असेल तर

आधी घरच्या घरी अंदाज घ्या. मेन स्विच बंद केल्यावरही मीटरचा दिवा लुकलुकत असेल, तर मीटर आणि मेन यांच्यामध्ये कोणीतरी वीज घेतंय किंवा मीटरमध्ये दोष आहे. मेन चालू, पण घरातलं प्रत्येक उपकरण प्लगमधून काढलेलं, आणि तरी दिवा लुकलुकतोय? मग घराच्या वायरिंगमध्ये गळती आहे किंवा एखादं विसरलेलं उपकरण चालू आहे, बऱ्याचदा पाण्याचा पंप. त्याला कंपनी जबाबदार नाही.

दुसरी चाचणी मोजमापाची. मीटरच्या दर्शनी भागावर एका युनिटला किती लुकलुक हे छापलेलं असतं, अनेक घरगुती मीटरवर ३२०० असतं. पाणी तापवायचा १००० वॉटचा रॉड बादलीत ठेवून बाकी सगळं बंद करा. सहा मिनिटांत तो ०.१ युनिट घेतो, म्हणजे ३२० लुकलुक व्हायला हव्यात. इस्त्री वापरू नका, तिचा थर्मोस्टॅट मधेच बंद पडतो. आणि व्होल्टेज लक्षात घ्या: २३० व्होल्टचा रॉड २१० व्होल्टवर सुमारे ८३५ वॉटच घेतो, तेव्हा लुकलुक २६७ च्या आसपास येतील. दहा-पंधरा टक्के फरकाला काही अर्थ नाही. ३२० च्या जागी ५०० आल्या तर अर्थ आहे. ही चाचणी पुरावा म्हणून कोणी धरणार नाही, मीटर तपासणी मागावी की नाही एवढं ठरवण्यासाठीच ती आहे.

मग लेखी मागणी करा. केंद्र सरकारच्या वीज (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीपासून ३० दिवसांत मीटर तपासलं गेलं पाहिजे. २०२४ च्या दुरुस्तीने आणखी एक सोय झाली: रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली तर कंपनीने ५ दिवसांत पडताळणीसाठी दुसरं मीटर जोडायचं आणि किमान ३ महिने दोन्हींचं रीडिंग ताडून बघायचं. हे मागितल्याशिवाय मिळत नाही.

नादुरुस्त मीटरचा हिशेब किती मागे जाऊ शकतो यालाही मर्यादा आहे. आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेनुसार चाचणीच्या निकालाप्रमाणे दुरुस्ती होते ती वाद उपस्थित झालेल्या महिन्याच्या आधीच्या जास्तीत जास्त ३ महिन्यांची. मीटर पूर्ण बंद पडलं असेल तरी आकारणी ३ महिन्यांपुरतीच, आणि तीही त्याआधीच्या १२ महिन्यांच्या मोजलेल्या वापराच्या सरासरीवर. वर्षभर 'फॉल्टी' शेऱ्याने सरासरी लावली असेल तर अर्जाचा कणा हाच नियम.

सापळा: मीटर बदलायला आलेल्या माणसाला रिकाम्या हाती जाऊ देऊ नका. मीटर बदल अहवालाची प्रत घ्या. त्यावर जुन्या मीटरचा क्रमांक आणि अखेरचं रीडिंग, नव्याचा क्रमांक आणि सुरुवातीचं रीडिंग, सीलची स्थिती आणि तारीख हवी. दोन्ही मीटरचे फोटो शेजारी शेजारी ठेवून काढा. जुनं मीटर एकदा भंगारात गेलं की त्याचं अखेरचं रीडिंग कागदावर असेल तेवढंच उरतं. पडदा काळा पडला असला तरी अनेक मीटरच्या स्मृतीत मागच्या महिन्यांची नोंद असते आणि ती प्रयोगशाळेत काढता येते. म्हणून 'डिस्प्ले नाही' हे उत्तर शेवटचं समजू नका, चाचणी अहवाल मागा.

५. कागद जमवा

- वादातली सगळी बिलं आणि त्याआधीच्या १२ महिन्यांची बिलं (संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर ग्राहक क्रमांकाने मिळतात)
- भरणा पावत्या किंवा बँकेची नोंद
- मीटरचे फोटो, व्हिडिओ
- हिशेबाचं पान
- घर बंद होतं असं म्हणणं असेल तर त्याचा आधार: प्रवासाची तिकिटं, सोसायटीचं पत्र
- भाडेकरू असाल तर बिल ज्यांच्या नावावर आहे त्यांचं अधिकारपत्र. हे नसलं की अर्ज तांत्रिक कारणावरून परत येतो.
- सीपीएल

शेवटचा कागद नव्या माणसाला ठाऊक नसतो. सीपीएल म्हणजे ग्राहकाची वैयक्तिक खतावणी: महिनावार रीडिंग, शेरा, युनिट, जमा, थकबाकी सगळं एका ठिकाणी. महावितरणच्या तुमच्या उपविभाग कार्यालयात लेखी मागा. बिलावर न दिसणारे तपशील त्यात दिसतात, उदाहरणार्थ कोणत्या महिन्यात शेरा बदलला, किंवा सरासरीचे पैसे परत जमा झाले का. त्या जमेला कार्यालयात 'लॉक क्रेडिट' म्हणतात.

६. अर्ज

१९१२ वर किंवा अ‍ॅपवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. फोनवरची तक्रार "ग्राहकाशी बोलणं झालं" या शेऱ्यावर बंद होते. कागद द्या, उपविभागाच्या आवक खिडकीवर. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अर्ज एवढाच पुरतो:

"प्रति, उपकार्यकारी अभियंता, ... उपविभाग.

विषय: ग्राहक क्रमांक ............, मीटर क्रमांक ........; मार्च ते मे या ३ महिन्यांच्या सरासरी बिलांची प्रत्यक्ष रीडिंगनुसार दुरुस्ती.

महोदय, वरील जोडणीचं शेवटचं प्रत्यक्ष रीडिंग ६ फेब्रुवारी रोजी ४८२० होतं. त्यानंतर ३ महिने 'आरएनए' शेऱ्याने सरासरी बिलं देण्यात आली. मीटर सोसायटीच्या खुल्या जिन्यात असून कुलूपबंद नाही. ६ जून रोजीचं रीडिंग ५३८० आहे (फोटो सोबत). विनंती अशी: (१) ५६० युनिट ४ महिन्यांत विभागून स्लॅबचा फायदा द्यावा. (२) या काळात भरलेली रक्कम वजा करावी. (३) या रकमांवरील विलंब आकार व व्याज रद्द करावं. (४) निर्णय होईपर्यंत वीजपुरवठा खंडित करू नये. (५) सीपीएलची प्रत द्यावी."

मागण्यांना क्रमांक द्या. एकाच परिच्छेदात सगळं लिहिलं की उत्तर पहिल्याच मागणीला मिळतं. विलंब आकाराची मागणी बहुतेक जण विसरतात, आणि मूळ रक्कम दुरुस्त झाली तरी त्यावरचं व्याज बिलात तसंच राहून जातं. रागाचं, भ्रष्टाचाराच्या आरोपांचं एकही वाक्य नको. त्याने काम होत नाही आणि पुढे ग्राहक तक्रार निवारण मंचात (मुद्दा ९) तोच कागद तुमच्याविरुद्ध वाचला जातो.

पंधरा दिवसांनी चौकशीला जाल तेव्हा "बघा ना काय झालं" म्हणण्याऐवजी "बी-८० झाली का?" असं विचारा. बिल दुरुस्तीचा प्रस्ताव याच नावाने पुढे जातो. तो मंजुरीला कोणाच्या टेबलावर आहे हे मग आपसूक कळतं.

७. तोवर पैसे भरायचे का?

हो, पण सगळे नाहीत. बिल न भरता नुसता अर्ज देऊन बसणं ही सर्वात महागात पडणारी चूक आहे. थकबाकीची यादी संगणक काढतो, त्याला तुमचा अर्ज दिसत नाही.

विद्युत अधिनियम, २००३ चं कलम ५६ इथे तुमच्या बाजूचं आहे. पुरवठा तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि ग्राहकाने निषेध नोंदवून मागितलेली संपूर्ण रक्कम किंवा मागच्या ६ महिन्यांत भरलेल्या सरासरी वीज आकाराप्रमाणे होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरली, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. म्हणजे मागच्या ६ बिलांची बेरीज करा, ६ ने भागा, आणि तेवढी रक्कम 'निषेधासह' भरत असल्याचं पत्र त्याच दिवशी आवकला द्या. ऑनलाइन भरताना शेरा लिहायची जागा नसते, म्हणून पत्र हवंच. अर्धवट रक्कम ऑनलाइन स्वीकारली जात नसेल तर कार्यालयातून रक्कम बदललेलं बिल करून घ्या.

ग्राहक हक्क नियमांत आणखी कडक तरतूद आहे: एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त तात्पुरती (म्हणजे मीटर न वाचता सरासरीवर काढलेली) बिलं द्यायची नाहीत, आणि अशी बिलं दोनपेक्षा जास्त वेळा येत राहिली तर, नैसर्गिक आपत्तीसारखा अपवाद सोडून, प्रत्यक्ष रीडिंगचं बिल मिळेपर्यंत ग्राहक पैसे भरायला नकार देऊ शकतो. हा हक्क अर्जात जरूर लिहा. प्रत्यक्षात वापरताना मात्र कलम ५६ ची वाट बरी, कारण अंधारात बसून नियम समजावून सांगणं अवघड जातं.

जुन्या थकबाकीबद्दल: पहिल्यांदा देय झाल्यापासून २ वर्षांनंतर, मधल्या काळात सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल तर, रक्कम वसूल करता येत नाही असं याच कलमाचं दुसरं पोटकलम सांगतं. पण हे हत्यार वाटतं तितकं सरळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे की रक्कम 'देय' होते ती बिल दिल्यावर, आणि चुकीमुळे राहिलेल्या रकमेची मागणी नंतरही करता येते, फक्त त्यासाठी पुरवठा तोडता येत नाही.

८. दुरुस्त बिल हातात आल्यावर

लगेच भरू नका, दहा मिनिटं द्या. महिन्यांची वाटणी झाली का? भरलेल्या सगळ्या रकमा, निषेधासह भरलेलीही, वजा झाल्या का? विलंब आकार आणि व्याज गेलं का? मागील रीडिंगच्या जागी शेवटचं खरं रीडिंग आहे का? बऱ्याचदा दुरुस्ती हाताने होते, मंजूर होते, पण पुढच्या महिन्याच्या बिलात जुनी थकबाकी पुन्हा डोकं वर काढते. म्हणून पुढची दोन बिलंही तपासा आणि दुरुस्तीच्या मंजुरीची प्रत ठेवा.

९. ऐकलं नाही तर: ग्राहक तक्रार निवारण मंच

हा मंच कंपनीच्याच परिमंडळात बसतो, पण त्याची रचना अधिनियमाच्या कलम ४२ खाली झालेली आहे. वकील लावावा लागत नाही. विहित नमुन्यात तक्रार, सोबत वर जमवलेले कागद, आणि आधी कंपनीकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा, म्हणजे आवक शिक्क्याची ती प्रत. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायला हवं. "पुढच्या महिन्यात करून देतो" या तोंडी आश्वासनांवर ही २ वर्षं सहज उडून जातात. निर्णयासाठी ६० दिवस ठरवलेले आहेत. पुरवठा तोडायची नोटीस आली असेल तर मूळ तक्रारीसोबतच अंतरिम आदेशाची वेगळी मागणी करा.

सुनावणीत बोलायचं थोडकं: दोन रीडिंग, दोन तारखा, वाटणी, मागणी. सदस्य बहुधा एकच प्रश्न विचारतात, "मीटर कुठे बसवलंय आणि तिथे पोचायला अडचण होती का?" मीटर जिन्यात, उघड्यावर असेल तर 'इनअ‍ॅक्सेस' शेरा तिथेच गळून पडतो. म्हणून मीटरच्या जागेचा, दार आणि जिना दिसेल असा लांबून काढलेला एक फोटो फाइलमध्ये असू द्या.

बिल कलम १२६ (अनधिकृत वापर) किंवा १३५ (वीजचोरी) खालचं असेल तर ही सगळी वाट बंद आहे. तिथे हरकत, अपील आणि न्यायालय यांचा क्रम निराळा आणि मुदती फार कमी. कागदावर कोणतं कलम लिहिलंय ते पहिल्याच दिवशी वाचा.

१०. विद्युत लोकपाल

मंचाचा आदेश पटला नाही तर ६० दिवसांत लोकपालाकडे अर्ज. राज्यात मुंबई आणि नागपूर अशी दोन कार्यालयं आहेत, तुमचा भाग कोणाकडे येतो ते बघूनच पाठवा. इथे नवीन पुरावे आणण्यापेक्षा मंचाने कोणती गोष्ट विचारात घेतली नाही हे दाखवावं लागतं, त्यामुळे मंचासमोर दिलेला प्रत्येक कागद क्रमांक घालून जपलेला असला पाहिजे.

मीटर कुलपाआड असेल तर

घर दिवसभर बंद राहत असेल आणि मीटर आत असेल, तर चूक निम्मी तुमच्याही पदरात येते. यावर सोपा उपाय आहे. रीडिंगच्या ठरलेल्या तारखांना मीटरचा फोटो नोंदणीकृत मोबाइल किंवा ईमेलवरून पाठवा. असं रीडिंग पाठवलं तर तात्पुरतं बिल द्यायचं नाही, असं ग्राहक हक्क नियम सांगतात. अ‍ॅपवरही रीडिंग टाकायची सोय आहे, मात्र तिची खिडकी महिन्यातले थोडेच दिवस उघडी असते. स्मार्ट मीटर बसलं असेल तर रीडर येणार नाही, रीडिंग दुरून जातं. संपर्क तुटला की तिथेही सरासरी लागू शकते, तेव्हा महिन्यातून एक फोटो काढायची सवय तेवढी सोडू नका.